पिवळी रोपं उपटल्याबद्दल

आदरणीय भावोजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, गुडघा दुखायचा थांबला असेल, आणि माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट न फोडताच कपाटावर टाकलं नसेल, अशी आशा करतो. माझं बरं चाललंय. म्हणजे या वर्षातली ही चौथी नोकरी, आणि ती अजून गेलेली नाही (जायला हवी होती, ते पुढे येईलच).

सध्या मी एका संशोधन संस्थेच्या काचघरात रोपांना पाणी घालतो. इथल्या मॅडम रोपांमधलं एक जनुक तपासतात. जनुक म्हणजे काय हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तेव्हा तुमचीही सुटका नाही. ती एक लांबलचक लिहिलेली कृती असते, एन्झाइम कसं घडवायचं त्याची. एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार. एक वस्तू हातात घ्यायची, तिचं दुसरं काहीतरी करायचं आणि पुढच्याकडे सरकवायची. कृतीत मधेमधे बिनकामाचा मजकूर भरलेला असतो, तो कापून टाकूनच रोप ती वाचतं (माझी पत्रं तुम्ही तशीच वाचता, असं ताई सांगायची). पण कामाच्या मजकुरात एखादं अक्षर जरी चुकलं, तरी कामगार वाकडा घडू शकतो. वस्तू धरायची त्याची खाचच नीट बनत नाही. मग त्याच्या अलीकडे माल साचतो आणि पलीकडचे हात रिकामे बसतात. मॅडमच्या रोपांत हा कामगार पानांचा हिरवा रंग बनवणाऱ्या रांगेत आहे. तो बिघडला की रोप पिवळं उगवतं आणि दोन पानांवर आलं की संपतं.

हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मॅडम चार दिवस बाहेरगावी गेल्या होत्या. मी बघतो तर प्रत्येक ट्रेमध्ये चारातलं एखादं रोप पिवळं, मरतुकडं. आता मी एका रोपवाटिकेत दीड महिना काढलाय (तिथून का निघालो ते विचारू नका, त्यात एक बकरी आहे). कमजोर रोप उपटायचं आणि बाकीच्यांना जागा करून द्यायची, एवढं मला येतं. उपटली. अकराच्या अकरा ट्रेमधली. वर माती सारखी करून भोकंही बुजवली, कोणी नावं ठेवायला नको. मॅडम आल्या, वही उघडून मोजायला बसल्या आणि मोजतच राहिल्या. सगळा खटाटोप त्या पिवळ्या रोपांसाठीच होता. चार महिन्यांचं काम. मी शेजारी उभा राहून शाबासकीची वाट बघत होतो.

त्या ओरडल्या नाहीत. मलाही स्टूल दिलं आणि दोन कुंड्या दाखवल्या. हे आईबाप. दोघंही हिरवेगार, ठणठणीत. प्रत्येकाकडे कृतीच्या दोन प्रती, एक बरोबर आणि एक चुकलेली. बरोबर प्रत एक असली तरी भागतं, म्हणून चुकलेली कितीतरी पिढ्या कोणाला दिसतच नाही. पोराला दोघांकडून एकेक प्रत मिळते. दोन्ही चुकलेल्या आल्या, तर ते पिवळं. मी विचारलं, मग दोष आईचा की बापाचा? त्या म्हणाल्या, "निम्मा निम्मा. म्हणजे कोणाचाच नाही." मग मी त्यांना तुमचंच वाक्य ऐकवलं, की आमच्या घराण्यात असं कधी कोणाला नव्हतं. त्या कुंड्यांकडे बघत म्हणाल्या, "यांच्याही नव्हतं."

भावोजी, त्या दिवशी मला पुढे पाणी घालवेना. तुमचं बाळ गेलं तेव्हा डॉक्टर हाच शब्द बोलले होते, जनुक, असं बाबांनी कळवलं होतं. तुम्ही ताईला आठ दिवसांसाठी माहेरी सोडलंत, त्याला आता सात महिने झाले. मॅडम म्हणाल्या, माणसांचं मी सांगणार नाही, हॉस्पिटलचा कागद असेल तर तो वाच. म्हणून गेल्या रविवारी घरी जाऊन मी तो शोधला. पुढची बाजू आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की हा दोष आई आणि वडील, दोघांकडून येतो. कागद कोणी उलटलाच नव्हता.

बाकी ठीक. मॅडमनी परवा नव्याने बी पेरलं. मला फक्त पाण्याच्या झारीला हात लावायची परवानगी आहे.

तुमचा,
नोकरी टिकवून असलेला मेहुणा

ता. क. कागदाची नक्कल सोबत ठेवली आहे, दोन्ही बाजूंची. ताईला न्यायला या.

आणखी एक ता. क. हे सगळं मी ताईलाही सांगितलं, कुंड्या, प्रती, निम्मा निम्मा, अगदी हातवारे करून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोष कोणाचा हे मी कधी विचारलंच नव्हतं रे. तेव्हा वरचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल. बाळ एकोणीस दिवस होतं. मी तेव्हा कुठेतरी भटकत होतो, मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. त्याचा एक कान जरा दुमडलेला होता म्हणे. डावा की उजवा, ते तिला आता नीट आठवत नाही. मला विचारत होती. मी काय सांगणार? तुम्हाला आठवत असेल.