बंद बाह्यांची झबली

१४ मार्च, दुपार

लाडक्या भिंगरीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. शिलाई मशीनचा पट्टा परवा तुटला, तर तुझ्या भावजींनी सुतळी बांधून तो चालू केला आणि दिवसभर भाव खाल्ला. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंडाचा पट्टा सुरूच.

तुझं पत्र वाचलं. आठवा महिना, कूस बदलायची तर उठून बसावं लागतं, डोळ्याला डोळा नाही. आणि शेवटी लिहिलंस, ‘मी कुणाला सांगत नाही, तुझ्यासारखी खंबीर राहीन.’ ही ओळ मला आवडली नाही.

माझ्या झबल्यांचा किस्सा तू चारचौघांत रंगवून सांगतेस. शेवटच्या महिन्यात झोप नाही म्हणून मी सात झबली शिवली आणि सगळ्यांच्या बाह्यांची तोंडं शिवून टाकली. पंधरा वर्षं मशीन चालवणारी बाई! सगळे हसतात, मीही हसते. पुढचं मात्र तुला माहीत नाही.

बाळ झाल्यावर त्या बाह्या उसवायला दहा मिनिटं लागली असती. महिना गेला तरी मला ते जमलं नाही. पोरीला पाजायचे, थोपटायचे, पण आत काही हलत नव्हतं. ती झोपली तरी मी टक्क जागी. एकदा वाटलं, मी नसले तर हिचं बरं होईल. लोकांना सांगितलं, अशक्तपणा आहे.

वजन करायला आलेल्या नर्सबाईंनी पोरीचे बाह्यांत अडकलेले हात पाहिले.

“अजून उसवलं नाहीत?”

“करते की.”

“झोपला कधी होतात शेवटचं?”

मला रडू फुटलं. त्याच मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आठ महिने औषध चाललं. तुझी परीक्षा होती, म्हणून तुला सांगितलं, डोळे दाखवायला जाते.

मी ठणठणीत बरी झाले, म्हणून तर ठासून सांगतेय. तुला तसं होईलच असं नाही. पण झोपेचं याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल.

शनिवारी सात नवी झबली घेऊन येते, बाह्या उघड्या आहेत, तपासून घे. सोबत एक जुनं, बंद बाह्यांचं. ते जपून ठेव. पुढे कधी मन असं कोरडं पडलं आणि सांगवेना, तर काही बोलू नकोस, तेवढं झबलं कुणाच्याही हाती माझ्याकडे धाड. मी लगेच निघेन.

तुझी,
खंबीर नव्हती तरी बरी झालेली
ताई