डॅडींचा चांगुलपणा

टॅलोवे, मिसिसिपी
३ जुलै १९८९

चि. हॉलिस यास लुएला आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्या एल्झी कॅननचा देहदंड टळावा म्हणून तू वकीलपत्र घेतलंस, ते तुझं काम आहे. पण तुझे आजोबा, म्हणजे माझे डॅडी, सरकारी वकील होते तेव्हा त्यांनी काळ्यांना मुद्दाम ज्युरीबाहेर ठेवलं आणि बारा गोऱ्यांकडून त्याला शिक्षा देवविली, असं तू भर कोर्टात म्हणणार? ज्यांच्या मांडीवर वाढलास, त्यांच्यावरच उलटलास.

तू लिहितोस की हातात पुरावा नाही, आणि तो मिळाला नाही तर येत्या महिन्यात कॅननला विषारी वायूच्या खोलीत बसवतील. पुरावा असेल कुठून? डॅडींनी कधी कुणाचं वाईट केलंच नाही. सरकारी बाजूने साक्ष द्यायला मी स्वतः येतेय. कॅननसाठी पीचचा केक आणते. गुन्हेगार झाला तरी त्याला पोट आहेच की.

वेळेवर जेवत जा. कळावे, रागावलेली पण तुझीच,
लुएला आत्या

जॅक्सन
१९ जुलै

ती. लुएला आत्यास हॉलिसचा सा. न. वि. वि.

काल तू ताठ मानेने निघून गेलीस, म्हणून लिहितो. सरकारी वकिलाने फक्त एवढंच विचारलं होतं की तुझे डॅडी स्वभावाने कसे होते. तू 'चांगले' म्हणून थांबली असतीस, तर मी हरलो असतो. पण आपल्या घराण्यात चांगुलपणा उदाहरणासकट सांगतात. तू म्हणालीस, "डॅडींना काळ्या लोकांची फार काळजी. बिचाऱ्यांना कोर्टात अवघडून बसावं लागू नये म्हणून ते दर खटल्यात ज्युरीच्या यादीतून त्यांची नावं स्वतः काढून टाकत. एकालाही कधी त्रास होऊ दिला नाही." तो सरकारी वकील बिचारा तुला पुरे म्हणून खुणावत होता. तुला वाटलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून तू तेच पुन्हा मोठ्याने सांगितलंस.

शिक्षा रद्द झाली. आता नवा खटला, नवी ज्युरी. एल्झीने केक खाल्ला. साखर जरा जास्त पडली म्हणाला. आत्या, मला आनंद झाला आणि लाजही वाटली. आजोबा मलाही फार आवडायचे गं.

राग सोड. नाहीच सोडवला, तर निदान फोन उचल.
तुझा हॉलिस

टॅलोवे
६ ऑगस्ट

चि. हॉलिस यास आशीर्वाद, सध्या अर्धेच.

चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. लुएलाने बापाचं नाव बुडवलं, म्हणतात. मी तर ते वाचवायला गेले होते. जे सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि वाईट म्हणून तर मी काहीच सांगितलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. आपल्याकडे इतकी वर्षं स्वयंपाक करणारी अर्डेल, तिला कॅननच्या नव्या खटल्याच्या ज्युरीसाठी बोलावणं आलंय. मी तिला समजावलं की उगाच कशाला त्रास घेतेस, न्यायाधीशांना सांगून तुझं नाव काढायला लावते. तिने हाताचं पीठ झटकलं, अ‍ॅप्रन सोडून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "मिस लुएला, हा त्रास माझ्या आईलाही हवा होता."

ती गेल्यापासून मी स्वयंपाकघरातच बसून आहे. हॉलिस, डॅडींनी काळ्यांतल्या कुणाला एकदाही विचारलं नव्हतं का रे?

लवकर लिही.
तुझी आत्या