खांद्याची शीर आणि माझी लाथ

अहो सदाच्या आबा,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि माझं हे पहिलंच पत्र. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं येणारच, त्यात उजवा खांदा ठणकतोय. पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. फोटोला सांगावं तर सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडते, "आत्ती, कुणाशी बोलायलाय?" आणि मला तर हसू आवरत नाही. काल मी आपल्या नातजावयाला लाथ घातली!

दम धरा, पहिल्यापासून सांगते.

बुधवारी सदाची पल्लवी कागलहून आली. एकटीच, डावा हात पोटाशी धरून. "आज्जी, बादली उचलताना खांद्याची शीर दबली." मान वळवता येईना, बोटांना मुंग्या. मी लागले कामाला. जाड मीठ तव्यावर भाजलं, फडक्यात बांधून शेक दिला. निरगुडीचा पाला आणायला ओढ्यापर्यंत गेले, तर तिथं प्लॉट पडलेत, निरगुडीचं बूडसुद्धा राहिलं नाही! मग शेजारच्या बांधावरून एरंडाची पानं आणली, गरम करून बांधली. लसूण-ओवा घालून तेल कढवलं. खरं सांगू? तेलानं शीर सुटत नाही, नुसतं बरं वाटतं. मिठाचा शेक मात्र गुणाचा.

तेल लावायला बाही वर केली आणि माझा हात तिथंच थांबला. दंडावर चार काळेनिळे डाग, मागच्या अंगाला अंगठ्याचा एक.

"पल्लवे, बादलीला बोटं असत्यात व्हय गं?"

पोर माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली.

तेव्हा तुम्ही आठवलात. गोठ्यात दूध सांडलं म्हणून माझा हात पाठीमागं नेऊन पिरगाळलात, तो दिवस. खांद्यात कट् झालं, तर म्हशीनंसुद्धा वैरणीतनं मान वर केली. गावाला मी काय सांगितलं? "धारा काढताना शीर दबली." आजपर्यंत तेच सांगत आले. आणि दुसऱ्या दिवशी मलमाची डबी घेऊन तुम्हीच हजर! पिरगाळणारे तुम्ही, चोळणारे तुम्ही. पुढं वर्षभर मी कुठल्या हातानं तुम्हाला भाकरी वाढत होते, कधी बघितलंत?

आणखी एक राग आहे, तो माझा माझ्यावरच. मी पायाळू, आईच्या पोटातून पायांनी आलेली. कुणाला उसण भरली, कुणाची शीर आखडली, की सगळं मुडशिंगी गाव माझी लाथ खायला दारात. त्या पिरगाळण्यानंतर एका साली बावड्याच्या कारखान्याला ऊस घालून आलात आणि तुमचीच पाठ धरली. अंगणात पालथे पडलात. "हौसा, घाल लाथ." तुमची पाठ, माझा पाय, बघायला चिटपाखरू नाही! आणि मी काय केलं? फुलावर टेकवावा तसा टेकवला. का हो?

असो. काल पल्लवीचा नवरा तिला न्यायला आला. तीन भाकरी हाणल्या आणि वर म्हणतो, बाइक चालवून माझाबी खांदा धरलाय. आपला सदा भोळा. "पावणं, आई पायाळू हाय की. पालथं पडा, तीन लाथा खावा, मोकळं व्हा." पडला की पोत्यावर! रीतीप्रमाणे पहिली हलकी लावली. तर म्हणतो, "आज्जी, पायात दम न्हाय व्हय? जरा जोरात!"

आता मागितल्यावर द्यायला नको? दुसरी खांद्याच्या फऱ्यावर अशी बसली की तोंड मातीत. तिसरी बरगडीत. गडी गडगडत शेणाच्या बुट्टीत!

"म्हातारे!" म्हणत उठला आणि धावला कुणाकडं? पल्लवीकडं. तोच दुखरा हात धरून हिसडला. पोरीची किंकाळी गल्लीभर गेली. मी तिची बाही वर केली. "सदा, हे बघ. बोटं मोज."

सदानं बघितलं. मग ज्यानं आजवर कोंबडीची मान कापली नाही, त्या तुमच्या लेकानं जावयाचं मुस्काट फोडलं. एक दात उंबऱ्यावर पडला, तो सूनबाईनं चिमट्यानं उचलून गटारात टाकला. पाहुणा नाक पुसत, एका हातानं बाइक ढकलत गेला. आणि मी हसले हो! या वयात, पोट धरून!

पण संध्याकाळी सदा नरमला. "आई, चार माणसं बसवून मिटवू या. बोभाटा नको." मी म्हटलं, माझ्या खांद्याचं मी असंच मिटवलं, तो अजून दुखतोय.

उद्या कोल्हापूरला दवाखान्यात जायचंय, तिथून पोलिसात. डॉक्टरीण विचारणार, हे कशानं झालं? पल्लवी घाबरलीय. माझ्या खांद्याचं खरं मी तिला काल रात्री सांगितलं, तर म्हणते, "बादलीच सांगू या की, आज्जी. न्हायतर तू तुझं आधी सांग, मग मी माझं."

बरोबर आहे पोरीचं. तर हा माझा शब्द घ्या. उद्या आधी मी खांदा दाखवणार. धारा, म्हैस, शीर, काही सांगणार नाही. कुणी पिरगाळला ते सांगणार. जन्मात तुमचं नाव मी उखाण्यातच घेतलं. उद्या डॉक्टरणीपुढं सरळ घेणार, आडनावासकट.

रागावू नका. आणि रागावलात तरी आता काय करणार?

हौसा