आई म्हणते, असं मी म्हणायचे

आई, तुला सगळं ऐकू यायचं हे लोक विसरायचे, आणि मीही पुष्कळदा विसरल्यासारखं वागले. बोलता न येणारी बाई बहिरीही असणार असं धरून शेजारणी तुझ्यासमोरच तुझ्याबद्दल बोलायच्या आणि तू मेथी निवडत ऐकत बसायचीस. लहानपणी घशाचं मोठं दुखणं झालं, त्यात आवाज गेला, कान शाबूत राहिले, एवढंच आजीकडून कळलेलं. घरात तुझे हात पुरायचे. घराबाहेर तुझं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. "आई म्हणते," अशी मी सुरुवात करायचे. पुढे काय म्हणायचं ते मात्र कितीतरी वेळा माझं मीच ठरवायचे, आणि तू शेजारी उभी राहून ते ऐकत असायचीस. तू जाऊन सहा वर्षं झाली. एवढं लिहून मघाशी मी पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं आहे.

मी वाचायला शाळेत शिकले नाही, जीन्सवर शिकले. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे बुवापाड्याच्या आपल्या खोलीत यायचे आणि तू त्यांचे लोंबते धागे कापायचीस. काम करता करता शिंप्याच्या पांढऱ्या खडूने एखाद्या पायावर अक्षर काढायचीस, मी मोठ्याने वाचायचे, बरोबर आलं की तू ते हाताने झटकून पुसायचीस. चुकलं तर बोटाचं पेर माझ्या गुडघ्यावर. 'पाणी'ला मी 'पानी' म्हणायचे, सगळी चाळच म्हणायची, पण तुला ते खपत नसे. जिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही तिने माझा 'ण' सुधारला. आता कुणी विचारलं की तुझं मराठी इतकं स्वच्छ कसं, तर मी शाळेचं नाव सांगते. का सांगते, ते मलाही कळत नाही.

मूकबधिरांच्या शाळेत शिकवतात त्या खुणा तुला येत नव्हत्या. तुझ्या खुणा आपल्या खोलीतच तयार झाल्या. दोन बोटं कात्रीसारखी मिटलीस की 'संपलं, सोडून दे'. दूध संपलं, भांडण संपलं, हे मी आता करणार नाही, सगळ्याला तीच कात्री. फरक काय तो चेहऱ्यावर.

मी अकरा वर्षांची असताना उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या शेठने भर कारखान्यात तुला हाक मारली, "ए गूंगी, इधर आ." तू गेलीस. हातातला गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवलास, त्याच्याकडे बोट केलंस आणि कात्री मिटलीस. शेठ माझ्याकडे वळला. "बेटा, मम्मी क्या बोलती है?" मला सगळं समजलं होतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर असं सांगायचं धाडस मला झालं नाही. मी म्हटलं, "मम्मी बोलती है, ये माल दो दिन में होगा." "दो दिन? अरे वाह. तो ये भी लेके जा," म्हणत त्याने आणखी एक गठ्ठा पहिल्यावर ठेवला आणि मशिनवरचे कारागीर हसले. रिक्षात दोन गठ्ठे मांडीवर घेऊन तू बाहेर बघत होतीस. घरी आल्यावर तू खडू घेतलास आणि वरच्याच पँटीवर लिहिलंस, 'मी काय म्हटलं?' मी वाचून दाखवलं. तू त्या शब्दांवर बोट ठेवलंस. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मला कळलं की तुला वाचन नको आहे, उत्तर हवं आहे. मग रडत रडत मी म्हटलं, "तुमचं काम सोडलं." तू मान हलवलीस आणि पदराने माझं नाक पुसलंस.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन परत तिथे गेलीस. दोन्ही गठ्ठे ठेवलेस, कात्री मिटलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "मम्मी की तबियत ठीक नहीं है." शेठ खरोखर हळहळला. "आराम करो, बहन, आराम करो." काम सुटलं, पण तुझं म्हणणं तिथे पोचलंच नाही. त्या वेळी तू रागावली नाहीस, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, तू रागावायला हवी होतीस.

हल्ली मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका फॅब्रिकेशनच्या गाळ्याच्या माळ्यावर काम करते. आम्ही चौघंजण आहोत आणि हातमोजा बनवतो. बोटांवर पातळ पट्ट्या असतात, बोट किती वाकलं ते त्यांना कळतं, आणि मनगटावर काडेपेटीएवढा स्पीकर. ज्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे तो. माणूस खूण करतो, मोजा वाक्य बोलतो. ज्याच्या त्याच्या घरातल्या खुणा वेगळ्या, म्हणून कोणत्या खुणेला कोणतं वाक्य ते मोज्याला आधी शिकवावं लागतं. घरोघर जाऊन ते शिकवायचं काम माझं. एकेक खूण वीस वीसदा करून घ्यायची आणि यादीत तिच्यापुढे वाक्य टाइप करायचं. बायकांच्या मोज्यात आवाजही माझाच आहे. हे काम चालवणारे आमचे सर म्हणाले, "तुझा आवाज चांगलाय, बाहेरचं माणूस कशाला शोधायचं?" म्हणजे बघ, मी अजून तेच करते आहे.

गेल्या महिन्यात बदलापूर गावात एका घरी गेले होते. तिथली थोरली सून चाळिशीची, लग्नाला पंधरा वर्षं झालेली, सगळे वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणते. तुझ्यासारख्याच. ऐकू सगळं येतं, आवाज नाही. लिहिणं मात्र सहीपुरतं. सासू शेजारी पाट घेऊन बसली होती. "मशीन कशाला पायजे गो? आमाला कलतं सगला." वहिनी खूण करायच्या, सासू अर्थ सांगायची, मी वाक्य मोठ्याने वाचायचे आणि वहिनी हो म्हणून मान हलवायच्या. असं ठीक चाललं होतं. मग एकदा वहिनींनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून बाजूला झटकले. "ती बोलते, चालंल," सासू म्हणाली. मी वाचलं, "चालेल." वहिनींनी मान हलवली नाही. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं, आणि तरी मी 'चालेल' टाइप केलं, कारण चहा आला होता आणि सासूबाई बशी पुढे करत होत्या.

ते बघणं मी कुठे पाहिलं होतं हे तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलमध्ये तुझ्या उजव्या हाताला सलाइन आहे, नाकात नळी आहे. नर्सने पाटी दिली आहे, पण डाव्या हाताने रेघ सरळ येत नाही. डॉक्टर राउंडला येतात. तू डावा हात उचलतेस, दोन बोटं मिटतेस आणि दाराकडे दाखवतेस. डॉक्टर विचारतात, "काय म्हणतायत?" बाबा ड्यूटीवर आहेत, कॉटपाशी मी एकटी. मी म्हणते, "नळी टोचतेय म्हणते." त्यांनी नळी जरा सैल केली, चिकटपट्टी बदलायला सांगितली आणि पुढच्या कॉटकडे गेले. तुला घरी यायचं होतं. माझी समजण्यात चूक झाली नव्हती, आई. मला नीट कळलं होतं, आणि तुला जाऊ द्यायचं नव्हतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मी तुझी उशी सारखी केली. दुपारी ती पाटी मी पिशवीत घातली. नर्सला सांगितलं, तिला लिहायला त्रास होतो. त्यानंतर तू नऊ दिवस तिथे होतीस, आणि तिथेच गेलीस. कदाचित डॉक्टरांनी तुला तरीही सोडलं नसतं. कदाचित त्यांनी समजावलं असतं आणि तू आपणहून थांबली असतीस. काय झालं असतं ते मला कळायचं नाही, कारण ते तुझं बोलणं मी कुणाच्या कानावर जाऊच दिलं नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा बदलापूरला गेले. सासू म्हणाली, "घालीतच नाय ती. फलीवर ठेवलाय." मी म्हटलं, आज मला फक्त वहिनींबरोबर बसायचं आहे. "का गो, मी काय खातंव तुज्या मशीनला?" असं म्हणत त्या अंगणात गेल्या. वहिनींनी ती खूण केली आणि मी एकेक वाक्य म्हणत गेले. दमले आहे? नाही. नंतर करते? नाही. नको? त्यांनी हात डोलवला, म्हणजे जवळपास. मला करायचं नाही? वहिनींनी दाराकडे पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. मी 'चालेल' खोडलं आणि ते टाइप केलं. त्यांनी मोजा चढवला, खूण केली, आणि मोजा माझ्या आवाजात म्हणाला, "मला करायचं नाही." वहिनींनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या. मग त्यांनी तीच खूण आणखी चारदा केली आणि मलाही हसू आवरेना.

परवा त्यांच्या पुतण्याची हळद होती. वडे तळायला नेहमीसारखी सासूने वहिनींना हाक मारली, आणि भरल्या मांडवात मोजा बोलला. सासूबाईंचा फोन थेट मला आला. "पंधरा वर्सांन तोंड उघरला, नि काय बोलली त, मना कराचा नाय. सगली पावनी हसली गो आमाला. तूच शिकवलास ना?" मी हो म्हणाले. पाठोपाठ सरांनी बोलावलं. "अगं, घरचे मोजा परत देतो म्हणतायत. ते एक वाक्य डिलीट मार ना. 'थोड्या वेळाने करते' टाक. सगळे खूश."

"सर, त्यांना तसं म्हणायचं नाहीये."

"तुला काय माहीत? तू काय त्यांच्या पोटात शिरलीस? उद्या सकाळी सांग मला, काय करायचं ते."

मोजा परत आला तर वहिनींचं ते एकच वाक्य जाणार नाही. पाणी दे, ताप आलाय, मी बाजारात जाऊन येते, सगळंच जाईल. आणि वाक्य बदललं तर मोजा राहील, पण वहिनी तो पुन्हा फळीवर ठेवतील. रात्रभर याच विचारात होते, आणि सकाळी सरांना मेसेज केला. दोनच ओळींचा, पण लिहायला तास लागला. 'वहिनी म्हणतात, वाक्य तसंच राहू द्या. मोजा परत गेला तर जाऊ दे.' पाठवल्यावर फार हलकं वाटलं. वाटलं, कुणाचं तरी म्हणणं एकदा मी मऊ न करता पुढे दिलं. हे तुला सांगावं म्हणूनच मी हे लिहायला बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहिते. हळदीनंतर मी बदलापूरला गेलेली नाही. वहिनींना मी काहीच विचारलेलं नाही.