रोकूला करंगळी उघडते

२ सप्टेंबर १९९६, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची, असं ठरवलं आहे. आजवर लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज नागापूरच्या कंपनीत प्रेस ऑपरेटर म्हणून रुजू झालो. पहाटे राजूरहून एसटी धरली. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन गेटवर उभा राहिलो, तर वॉचमनने भांडीवाला समजून हाकललं. ऑर्डर दाखवल्यावर पेटी ठेवायला जागा दिली.

खोलीवर महेंद्र साळवे सोबती आहे. राहुरीकडचा, माझ्यासारखाच आयटीआय केलेला, आजच रुजू झालेला. खिडकीजवळची खाट त्याने आपणहून मला दिली. माणूस दिलदार आहे, घोरतो मात्र बेदम.

पत्रे दाबून घडवायचं मशीन सोपं आहे. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. जुने ऑपरेटर मात्र एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. एक हात मोकळा राहतो आणि काम भराभर उरकतं. साहेब पाहून न पाहिल्यासारखं करतात.

९ सप्टेंबर, सोमवार

मोठीच बातमी. कंपनीचा जपानी लोकांशी करार आहे. पंचविशीच्या आतल्या अविवाहितांमधून एकाला सहा महिने जपानला पाठवणार. नावं दोनच निघाली, महेंद्र आणि मी. दिवाळीच्या आधी जपानी व्याकरणाची परीक्षा आहे.

शिकवायला माणूस नाही, वीस व्हिडिओ कॅसेटी आल्या आहेत. पहिली पाळी सुटली की ट्रेनिंग रूममध्ये ऑफिसातल्या माधुरीबाई व्हीसीआर लावून देतात. पडद्यावर करड्या कोटातल्या एक जपानी बाई येतात. एक वाक्य म्हणतात आणि थांबतात. तेवढ्यात आपण ते म्हणायचं. जपानीतही क्रियापद शेवटी येतं हे कळल्यावर मला जरा धीर आला.

आज बाईंनी आकडे शिकवले. आपण पेरांवर मोजतो, जपानी लोक उघड्या पंजापासून सुरू करतात. इची म्हणून अंगठा मिटायचा, गोला, म्हणजे पाचाला, करंगळी. मग रोकूला, म्हणजे सहाला, करंगळी उघडते, आणि दहाला सगळ्यात शेवटी अंगठा. खोलीवर आम्ही दोघं पोरांसारखे मोजत बसलो.

२२ सप्टेंबर, रविवार

महेंद्र मला घरी घेऊन गेला होता. त्याची आई आक्काबाई कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीला जाते. माझ्या पानात दोनदा वाढून म्हणाली, दोगंबी शिका, कोनबी गेलं तरी माजंच पोरगं गेलं. मला लाज वाटली, कारण जेवताना मी मनात महेंद्र नापास होईल का याचाच हिशेब करत होतो. तो माझ्या फार पुढे आहे. मी गावात सगळ्यांना सांगून बसलोय की मी विमानाने जाणार.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

क्रियापदांचा धडा मला येत नव्हता. महेंद्र म्हणाला, तू जा वाचत बस, तुझे राहिलेले पत्रे मी मारतो. मी गेलो. पाचर तशीच राहिली. मीच ठोकली होती सकाळी, पन्नास पत्रे लवकर काढायला. महेंद्र कधीच पाचर लावत नाही, त्यामुळे एका बटणाने प्रेस खाली येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. डावा हात बटणावर टेकवून तो उजव्या हाताने आतला पत्रा सरळ करत होता.

चार बोटं गेली. अंगठा राहिला.

५ ऑक्टोबर, शनिवार

चौकशी सुरू झाली. साहेबांनी विचारलं, पाचर कोणाची. लावणाऱ्याला कंपनी काढून टाकणार हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, मला काय माहीत, महेंद्र होता ना मशीनवर, त्यानेच लावली असेल.

साहेबांनी लगेच मान डोलावली. ही पोरं अशीच, म्हणाले. कुठली पोरं ते बोलले नाहीत. मला कळलं आणि मी गप्प बसलो. माझं आडनाव साळवे असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते.

९ ऑक्टोबर, बुधवार

आता वर्गात मी एकटाच. क्रियापदांची कॅसेट लावली, त्यातही बाई आकडे मोजू लागल्या. रोकूला बाईंची करंगळी उघडली नाही. दहापर्यंत बाकीची तीन बोटं आणि अंगठा उघडला. कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिली, तरी तेच.

माधुरीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अहो कानिफनाथ, यात बाईंचे हात कुठं दिसतायत, नुसता चेहरा तर आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दवाखान्यात गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. महेंद्रने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, पाचर कुनाची हाय ते मला ठावं हाय कानिफ. मी सांगून कोन ऐकनार? तू सांगितलं तर ऐकतील. बावीसला चौकशी मिटंपर्यंत मी वाट बघतो.

आक्काबाई बाहेर बाकावर होती. तिने मला चहा पाजला. मी प्यायलो. इतका नालायक आहे मी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंची आता दोनच बोटं उघडतात, तर्जनी आणि अंगठा. आज वाक्यं म्हणायची होती. मी दार उघडलं. मी पत्र लिहिलं. तिसऱ्या वाक्यात एक शब्द पुस्तकात नसलेला. कुसाबी. मी म्हणालो नाही. बाई थांबल्या. थांबूनच राहिल्या. पट्टी फिरत होती, व्हीसीआरवरचे आकडे पळत होते, आणि बाई माझ्याकडे बघत होत्या.

कपाटातला शब्दकोश काढला. कुसाबी म्हणजे पाचर.

मी पाचर लावली. हे वाक्य होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तेच वाक्य. प्रत्येक कॅसेटवर. ओरडत नाहीत, रागावत नाहीत. म्हणतात आणि थांबतात. महेंद्र बघत होता तसंच बघतात.

सकाळी दात घासताना सहज मोजत होतो. रोकूला माझी उजवी करंगळी उघडली नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शेजारचं बोटही. गरम पाण्यात धरलं, तेल चोळलं, दुसऱ्या हाताने ओढलं. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्या असतील.

उद्या साहेबांना सांगतो. नक्की सांगतो. गावाला काहीही सांगता येईल —

२१ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांच्या केबिनबाहेर तासभर उभा होतो. त्यांनी आत बोलावून पेढा दिला. तुझंच नाव पक्कं, परीक्षा नावापुरती, म्हणाले. पेढा डाव्या हाताने घेतला. उजव्याचं मधलं बोटही गेलं.

सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वेडंवाकडं.

सकाळी तर्जनीही मिटली. चौकशीचा कागद टाइप करून ठेवला होता. पाचर महेंद्र साळवे यानेच लावली, मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात होतं. मी हात दाखवला. सही करता येत नाही म्हणालो. वाटलं, सुटलो.

साहेब म्हणाले, अंगठा आहे ना.

शाईचा पॅड पुढे केला. मी अंगठा दिला.

गेटबाहेर महेंद्र उभा होता. हाताला पांढरं बँडेज. आईच्या आधाराने आलेला. त्याने माझ्या अंगठ्याची शाई पाहिली आणि वळून चालू लागला. काय झालं ते आक्काबाईला कळलं नाही. ती मला म्हणाली, येतो बाबा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कामावर गेलो नाही. उजवा अंगठाही मिटला. शाईसकट. आत. मूठ उघडत नाही.

खोलीत टीव्ही नाही. तरी बाईंचा आवाज. खिडकीजवळच्या खाटेवरून. वाक्य म्हणतात. थांबतात —

दुपार. म्हणालो. मोठ्याने, जपानीत, मराठीत, तीनदा. आवाज थांबत नाही. मला ऐकवून काय उपयोग, बरोबर आहे. कागदावर हवं. साहेबांच्या टेबलावर हवं.

डाव्या हाताची करंगळी —

लवकर लिहायला हवं. हेच पान फाडून नेतो. राहुरीची गाडी नंतर, आधी साहेब —

तीन बोटं मिटली. पेन सटकतो.

मी कानिफनाथ, लिहून देतो की महेंद्र साळवे याचा काही दोष नाही. त्या दिवशी मशीनला पाचर