तानबाच्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायांशी हिंगणघाटहून भाचा नीलेश याचा दंडवत.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींना नमस्कार सांगा आणि त्यांनी पाठवलेली लोणच्याची बरणी संपली हेही सांगा (मागत नाही, फक्त कळवतो). इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे. ते सपना आणि मुलांपुरतं खरं धरावं. मी मजेत नाही. परवा नाचणगावला येऊन तुम्हाला सगळं तोंडानं सांगायचं म्हणून पुलगावपर्यंत आलोही होतो. स्टँडवर चहा घेतला आणि उलट्या गाडीनं परत आलो. फोन करायचीही हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात इथल्या वकील संघानं मला नवीन वकिलांपुढे बोलायला उभं केलं होतं. विषय होता, दुसऱ्याच्या दाव्यातला मजकूर उतरवलेला कसा ओळखावा. मामाजी, मी काय रंगलो म्हणून सांगू! नक्कल करणारा नावं बदलतो, गाव बदलतो, पण कुठे तरी एक गोष्ट बदलायची विसरतो आणि तिथेच सापडतो, असं मी ठासून सांगितलं. उदाहरण म्हणून गुंजन नावाच्या नव्या वकील पोरीचा एक अर्ज सगळ्यांसमोर वाचला. त्यात तिनं चालत्याबोलत्या अर्जदाराला दोन ठिकाणी मयत केलं होतं. सगळे हसले, ती खाली मान घालून बसली आणि मला शाल मिळाली. ती शाल सध्या कपाटात सगळ्यात खाली ठेवली आहे.

कारण त्याआधीच मी तानबाचा लेखी जबाब दाखल करून बसलो होतो. तानबा म्हणजे वडनेरचा माझा पक्षकार. शेजाऱ्यानं त्याच्यावर दोन शेतांमधला धुरा सरकवून हद्द वाढवल्याचा दावा केला आहे. तानबानं काही सरकवलेलं नाही, हे मी स्वतः शेतात उभं राहून पाहिलं आहे. पण वकिली सोडताना तुम्ही जुन्या मसुद्यांचे गठ्ठे मला दिले होते (वाचून शीक म्हणून दिले होते, ते ध्यानात आहे), त्यात अगदी असाच एक जबाब सापडला. काय ती भाषा! मी गाव बदललं, गट नंबर बदलला, चारी बाजूंचे शेतकरी बदलले. एक वाक्य मात्र तसंच ठेवलं: ‘सदर धुऱ्यावर विजेने एक फांदी जळालेले मोहाचे जुने झाड असून तीच उभयतांची कायम हद्द आहे.’ ते वाक्य इतकं खरं वाटलं की ते बदलावं असं मनातही आलं नाही. तानबाच्या धुऱ्यावर दोन बाभळी आणि थोडी तरोट्याची झुडपं आहेत, एवढाही विचार केला नाही. तानबानं न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

समोरच्या बाजूनं कोण वकील आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचीच लेक, ज्योत्स्नाताई. तिनं उलटतपासणीत तानबाला शांतपणे विचारलं की हे मोहाचं झाड कुठे आहे. तानबानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग तो जजसाहेबांकडे वळून म्हणाला, “होतं जी झाड. म्याच तोडलं.” परवानगी घेतली होती का, तर नाई जी. साहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणजे हद्दीची खूण यानंच नाहीशी केली, असं आता रेकॉर्डवर आहे. या एका वाक्यावर तानबाचा धुरा जाऊ शकतो, आणि वर नसलेलं झाड तोडल्याचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो.

बाहेर आल्यावर मी त्याला ओरडलो (मी, त्याला!) की काऊन असं बोललास. तो पागोटं सारखं करत म्हणाला, “तुमी लिवलं होतं ना, साहेब. साऱ्या कोर्टात तुमाले खोटं पाडू का मी?” मामाजी, मला तिथेच रडू आलं. डोळ्यांत काही गेल्याचं सांगून मी नळाकडे गेलो.

तिथे ताई आली. तिनं सांगितलं की तुमचे मसुदे चोरीला जायचे, म्हणून उतरवणारा सापडावा यासाठी घरच्या प्रतीत तुम्ही ते मोहाचं झाड घालून ठेवायचात आणि कोर्टात द्यायच्या प्रतीतून काढून टाकायचात. लहानपणापासून तिला ते झाड माहीत आहे. “बाबाचं झाड वडनेरले कसं उगवलं रे, नीलेश?” एवढंच विचारलं तिनं. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढच्या तारखेच्या आत मी खरं सांगितलं नाही, तर ती सांगणार आहे. तिचं बरोबर आहे, तिला काही बोलू नका. मला मात्र जे वाटेल ते बोला. सध्या गुंजन समोरून आली की मी बाररूमच्या मागच्या दारानं निघून जातो.

मी तुमची माफी मागतो. प्रकृतीला जपा.

आपला, तोंड दाखवायला जागा नसलेला भाचा,
नीलेश

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. तानबाला वाचवायचं तर मला शपथपत्र द्यावं लागेल की झाड कधीच नव्हतं, चूक वकिलाची आहे आणि पक्षकार माझी लाज राखायला खोटं बोलला. तीन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलो आहे. तुमचे सगळे गठ्ठे सोडून पाहिले. चूक विरोधकाची, टायपिस्टची, तलाठ्याची, खुद्द पक्षकाराची, असे हवे तेवढे मसुदे आहेत. चूक माझी असं वकिलानं लिहिलेला एकही नाही. तुमच्याकडे घरी एखादा असल्यास त्याचा फोटो काढून लगेच पाठवावा. नावं मी बदलून घेईन.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. फोटो पाठवू नका.