तात्पुरतं स्थगित

१२ जानेवारी, गुरुवार
ग्लेनिसने पक्ष सोडला. सिंकपाशी कोळंबी सोलता सोलता सांगितलं. म्हणाली, नेव्ह, मी आज राजीनामा पाठवला, आणि लिंबू संपलंय.
लग्नाआधीपासून ती पक्षात आहे. मलाही तिनेच आणलं. अशी माणसं पक्ष सोडत नाहीत, रुसतात. जानेवारी म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा, डोकं तापलंय. आठवड्याभरात येईल परत.
मी जाऊन लिंबू आणलं.

१४ जानेवारी
कारण काय, तर बाळंतपणाचा वॉर्ड. गेल्या निवडणुकीत आम्ही दोघं घरोघर सांगत फिरलो, की गावच्या हॉस्पिटलमधला वॉर्ड आमचा पक्ष बंद होऊ देणार नाही. निवडून आलो. मग वॉर्ड बंद झाला.
बंद नाही. तात्पुरता स्थगित. हे शब्द खुद्द पक्षाच्या हेड ऑफिसचे आहेत. मी तिला कितीदा समजावलं.
ऑक्टोबरमध्ये आमच्या लेकीचं, टॅमसिनचं, बाळंतपण शहराच्या वाटेवर झालं. पेट्रोल पंपाशी, गाडीच्या मागच्या सीटवर. बाळ ग्लेनिसच्याच हातात आलं. निळं होतं. पण आता छान आहे, डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणतात. ही चांगली बाजू ग्लेनिस कुणाला सांगत नाही.

१९ जानेवारी
तिच्या मनात नोव्हेंबरची सभाही आहे. शाखेच्या सभेत तिने ठराव मांडला होता, वॉर्ड बंद केल्याच्या निषेधाचा. मतं समसमान पडली. अध्यक्ष मी. अशा वेळी अध्यक्षाने आपलं जादा मत जे चाललंय ते तसंच चालू ठेवायच्या बाजूने टाकायचं, हा जुना रिवाज. टाकलं. ठराव पडला. यात नवरा-बायको कुठून आले?
शाखेतला बेव्हन म्हणाला होता, गड्या, आज तू सोफ्यावर झोपणार. सगळे हसले. ग्लेनिसने नेहमीसारख्या सगळ्यांच्या कपबशा विसळल्या.
मी काही सोफ्यावर झोपलो नाही. तीच टॅमच्या जुन्या खोलीत झोपायला गेली. अजून तिथेच झोपते. तिथे वारा चांगला येतो.
संकल्प: जेवताना राजकारण बंद.

२० जानेवारी
जेवताना राजकारण झालं. पण माझी चूक नाही. ती म्हणाली, बीट दे. मी फक्त म्हटलं, बीट एवढं स्वस्त कुणामुळे आहे? ती ताट घेऊन व्हरांड्यात गेली.

२ फेब्रुवारी
शाखेची सभा. काहीही झालं तरी ग्लेनिस लॅमिंग्टन करून देईलच, अशी माझी खात्री होती. एवढी वर्षं तिच्या त्या खोबरं लावलेल्या केकवरच तर सभा चालल्या. शेवटी दुकानातून आणले. बेव्हनने एक चावला आणि म्हणाला, अध्यक्षमहाराज, आता मात्र मीही पक्ष सोडायचा विचार करतोय.
डॉरीन आणि आयव्ही या जुन्या सभासद आल्या नाहीत. गुडघे असणार. दोघींचेही.

११ फेब्रुवारी
काल उमेदवाराचा फलक कुंपणाला लावला. उमेदवार हेड ऑफिसने शहरातून पाठवलाय. तरुण आहे, दात चांगले आहेत.
सकाळी फलक गायब. विरोधकांचं काम म्हणून मी पोलिसांना फोन लावणार, एवढ्यात मागच्या अंगणात सापडला. ग्लेनिसने कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर म्हणून ठोकलाय, चेहरा खाली करून. आता उमेदवार दिवसभर कोंबड्यांकडे बघून हसतो. तिला विचारलं. म्हणाली, गळत होतं रे. पाच वर्षं सांगतेय तुला.
पण फलक फेकला नाही, हे महत्त्वाचं. घरातच ठेवला. चांगलं लक्षण आहे.

५ मार्च
टॅम बाळाला घेऊन आली होती. म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी आता दर शनिवारी शहरात बोलावलंय. मला एकटीला गाडी चालवत त्याच्याकडे बघता येत नाही. तुम्ही याल?
शनिवारी प्रचार असतो. म्हटलं, जरा निवडणूक होऊ दे गं.
ग्लेनिस म्हणाली, मी येते गं. बाळ माझ्याकडे बघत होतं. हुशार आहे. माझ्यावर गेलंय.

२४ मार्च
ग्लेनिसचा पक्षाचा टी-शर्ट मी स्वतः इस्त्री केला. कॉलर जराशी जळली. आजवर प्रत्येक निवडणुकीला आम्ही मतदान असतं त्या शाळेच्या फाटकाशी शेजारी शेजारी उभे राहून, मत कसं द्यायचं ते सांगणारी पक्षाची कार्डं वाटली आहेत. उद्याच्या मतदानालाही ती येणार. सहज विचारलं, उद्या लवकर उठणार ना? म्हणाली, हो, लवकर निघायचंय.
मी म्हणत नव्हतो?

२५ मार्च, शनिवार, संध्याकाळ
सकाळपासून फाटकाशी. समोरच्या पक्षाची मर्ल दर निवडणुकीला आमच्या शेजारीच असते. म्हणाली, काय रे, बाईसाहेब कुठायत? म्हटलं, येतेच आहे.
आली. टॅमच्या गाडीतून, बाळाला घेऊन. आमच्याकडे रिवाज असा, की मतदाराने सगळ्यांची कार्डं हसून घ्यायची आणि आत जाऊन हवं ते करायचं. ग्लेनिसने एकाचंही घेतलं नाही. मी टी-शर्ट पुढे केला. तिने बघितला. म्हणाली, कॉलर जाळलीस की रे.
मत देऊन बाहेर आली. माझ्या टेबलावर चहाचा थर्मास ठेवला. म्हणाली, हॉस्पिटलजवळ खोली घेतलीय, टॅम, मी आणि बाळ तिकडेच राहणार. बॅगा गाडीत आहेत. कोंबड्यांना दाणे घाल.
मी म्हटलं, म्हणजे तू घर सोडून चाललीस? रांगेतले लोक ऐकत होते.
तिने बाळाची टोपी सारखी केली. म्हणाली, सोडून नाही रे नेव्ह. तात्पुरतं स्थगित.
मर्ल फिसकन हसली. मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.
चहा मात्र चांगला झाला होता.

२६ मार्च, रविवार
जिंकलो. बेव्हनचा फोन, अभिनंदन, अध्यक्षमहाराज. त्याला सांगितलं, ग्लेनिसही खूश आहे.
कोंबड्यांना दाणे घातले. उमेदवार वरून हसतोय. आता आमदार झाला. छप्पर गळत नाही.
ग्लेनिस आठवड्याभरात येईल. तिचा टी-शर्ट घडी करून कपाटात ठेवला. कॉलर आत दुमडली की डाग दिसत नाही. पुढची निवडणूक चार वर्षांनी.